यंत्र थांबलें, काम थांबलें काय ?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी पिंपळे गुरव येथील आमच्या घरीं भेटावयास आला. शाळा सोडून त्यास सहा वर्षें झालीं. आय. टी. आय. मध्यें टर्नरचें शिक्षण पुरें करून तो सध्यां भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहानशा कारखान्यांत नोकरीस आहे. गणिताचें उत्तर चुकलें तर तें खरडून न टाकतां एका सरळ रेघेनें कापावें आणि शेजारीं बरोबर उत्तर लिहावें, अशी वर्गांत ज्याची रीत होती, तो हा मुलगा. त्या दिवशीं मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता. फराळाचें ताट तसेंच ठेवून तो म्हणाला, "सर, खोटे तास लावल्याचा आळ माझ्यावर आला आहे."

हकीकत अशी होती. त्याच्या कारखान्यांत कागदाचें जॉब कार्ड जाऊन त्याच्या जागीं एक संगणक आला आहे. कारागिरानें काम हातीं घेतांना आपल्या नांवापुढें 'सुरू' हें बटण दाबावें, पुरें होतांच 'समाप्त' हें दाबावें, आणि महिनाअखेर सॉफ्टवेअरनें तासांचा हिशेब मांडावा, अशी व्यवस्था. एका संध्याकाळीं दुपारच्या पाळींत त्यानें ६ वाजून ४० मिनिटांनीं एक काम सुरू केलें. ८ वाजून २५ मिनिटांनीं वीज गेली. लेथ थांबला, संगणकही थांबला. तयार झालेल्या तुकड्यांच्या कडा हातकानशीनें साफ करण्याचें काम उरलें होतें, तें त्यानें बॅटरीच्या दिव्याखालीं ९ वाजून ३५ मिनिटांपर्यंत केलें. वीज येण्याचें चिन्ह दिसेना, तेव्हां सर्वांस घरीं सोडण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ७ वाजून ५ मिनिटांनीं पहिल्या पाळीच्या माणसानें संगणक सुरू केला आणि चालू दिसणारें तें काम बंद केलें. यंत्रानें निमूटपणें वजाबाकी केली : १२ तास २५ मिनिटें. दुपारीं ३॥ पासूनच्या आधींच्या कामाचे ३ तास १० मिनिटें त्यांत मिळविलीं, आणि एका पाळीचे १५ तास ३५ मिनिटें भरले !

सुपरवायझरनें विचारलें, "रात्रभर कोणाच्या परवानगीनें थांबला होतास ?" मुलानें खरें सांगितलें, परंतु छापील कागदापुढें तोंडच्या शब्दाचें वजन कमी पडलें. पुढें सॉफ्टवेअर बनविणाऱ्यास बोलावून 'दुरुस्ती' झाली. ती अशी कीं, वीज गेली तर अपुरें काम नोंदींतून पुसून जावें. पंधरा दिवसांनीं पुन्हां वीज गेली. त्या दिवशीं ४ वाजून १५ मिनिटांनीं सुरू केलेलें काम ७ वाजून २० मिनिटांपर्यंत झालें होतें. तीं तीन तास पांच मिनिटें कोठेंच उमटलीं नाहींत. पहिल्या वेळीं अब्रू गेली, दुसऱ्या वेळीं मजुरी गेली. निघतांना त्यानें विचारलें, "सर, यंत्रानें नेमकें करावयास काय हवें होतें ?"

प्रश्न लहान दिसतो. पण १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें वसविलेल्या आपल्या या पट्ट्यांत, भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंत, हजारों माणसांची भाकर आज अशा नोंदींवर अवलंबून आहे. हिंजवडीच्या कचेऱ्यांत बसून परदेशच्या गिऱ्हाइकांचीं कामें करणारेही आपला वेळ असाच मोजून देतात. म्हणून त्या मुलास जें उत्तर दिलें, तें थोडें विस्तारानें येथें मांडीत आहें.

प्रथम 'चालू काम' म्हणजे काय, तें समजून घेऊं. आपणांस वाटतें कीं, संगणक आपल्या कामाबरोबर एकेक सेकंद मोजीत बसला आहे. बहुधा तसें नसतें. शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही आठवा. पुस्तक नेल्याची तारीख लिहिलेली असते, परत केल्याचा रकाना कोरा असतो. तेवढ्यावरून पुस्तक बाहेर आहे असें आपण म्हणतों. चालू काम म्हणजे अशीच एक ओळ होय : आरंभ लिहिलेला, शेवट कोरा. शेवट भरला कीं सॉफ्टवेअर दोहोंची वजाबाकी करतें. म्हणजे यंत्र कामाकडे पाहत नसतें. दोन क्षणांकडे पाहत असतें. त्या दोन क्षणांच्या मधें कारागीर राबत होता कीं घरीं निजला होता, हें वजाबाकीस कळत नाहीं.

मग संगणक बंद असतांना सकाळचे ७ वाजून ५ मिनिटें झालीं, हें त्यास समजलें कसें ? त्याच्या पोटांत एक स्फटिकाचें घड्याळ असतें. गारगोटीचा तो बारीक तुकडा सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. म्हणून ती पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर एक सेकंद हातीं येतो. रुपयाएवढ्या एका बटणसेलवर हें घड्याळ वीज नसतांनाही चालतें. तेव्हां संगणक मरतो, पण त्याचें घड्याळ मरत नाहीं. पहिल्या चुकीचें मूळ येथें आहे. यंत्रानें घड्याळाचा काळ कामाच्या खात्यांत टाकला.

काळ आणि काळ मोजणारें साधन हीं दोन वेगळीं आहेत, ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. लग्नघरीं पूर्वीं घटिकापात्र ठेवीत. बुडाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यांत सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें, झाली. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं पुऱ्या केलेल्या ग्रंथांतील गणिताच्या भागास 'लीलावती' हें नांव आहे. चाळीसगांवजवळ पाटण येथें त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे, तेव्हां ते आपणांस परके नव्हेत. फैजीनें १५८७ सालीं 'लीलावती'चें फारसी भाषांतर केलें. त्यांत अशी दंतकथा आहे कीं, भास्कराचार्यांची कन्या लीलावती विवाहाच्या वेळीं घटिकापात्रांत डोकावली, तिच्या अलंकारांतील मोतीं आंत पडून छिद्र बुजलें, वाटी बुडालीच नाहीं, आणि मुहूर्त टळून गेला. ही कथा इतिहास नव्हे; तथापि तिच्यांतील मर्म आपल्या कामाचें आहे. वेळ थांबली नव्हती, मोजणारें थांबलें होतें. आणि तें थांबलें आहे हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. म्हणून मोजणाऱ्या साधनाचें पहिलें कर्तव्य हें कीं, आपण थांबलों होतों हें त्यास स्वतःस कळलें पाहिजे.

तें कळावें कसें ? येथें संगणक बंद होण्याचे प्रकार पाहिले पाहिजेत. एक, माणसानें रीतसर बंद केलेला. अशा वेळीं यंत्र सर्व कार्यक्रमांस आवरण्याची सूचना देतें व थोडा अवधि ठेवतें; तेवढ्यांत 'अमुक वाजतां बंद होत आहें' असें लिहून ठेवतां येतें. दुसरा, निजविलेला. लॅपटॉपचें झांकण मिटलें कीं यंत्र झोंपतें, व उघडतांच होतें त्या ठिकाणाहून पुढें चालूं लागतें. मधल्या झोपेची दखल मुद्दाम घ्यावी लागते. तिसरा, वीज जाऊन एकाएकीं पडलेला. यांत सूचना नाहीं, अवधि नाहीं. जें तात्पुरत्या स्मृतींत होतें तें गेलें. जें डिस्कवर लिहिलें होतें तेंच उरलें.

यावरून पहिला नियम निघतो. 'सुरू' दाबतांच ती वेळ तत्काळ डिस्कवर लिहिली गेली पाहिजे. दुसऱ्या वेळीं त्या मुलाचे तीन तास गेले, कारण पुसून टाकण्याची आज्ञाच यंत्रास दिलेली होती. आरंभाची नोंद ही कामगाराची ठेव आहे. ती मोडण्याचा अधिकार यंत्रास नाहीं.

दुसरा नियम असा. काम चालू असतां सॉफ्टवेअरनें दर मिनिटास एक खूण लिहावी : 'या वेळेपर्यंत मी जागें होतें.' नवी खूण लिहिली कीं जुनीची गरज नाहीं. रात्रीं गस्त घालणारा पहारेकरी प्रत्येक चौकीवर शिक्का उठवितो, तशीच ही रीत. पहारेकरी मधेंच नाहींसा झाला, तरी शेवटचा शिक्का कोठें आहे त्यावरून तो कोठवर आला होता हें समजतें. ही युक्ति नवी नव्हे. अचानक बंद पडलेला संगणक पुन्हां सुरू झाला म्हणजे विंडोज आपल्या रोजनाम्यांत ६००८ क्रमांकाची नोंद करतें कीं, मागील वेळीं यंत्र अमुक वाजतां अनपेक्षितपणें बंद पडलें. मेलेल्यास आपली मरणवेळ कशी सांगतां आली ? जिवंत असतांना ठराविक अंतरानें तें अशी खूण लिहीत होतें, म्हणून. आमच्या मुलाच्या गोष्टींत अशी शेवटची खूण ८ वाजून २४ मिनिटांची असती, आणि चूक झाली असती तर फार तर एका मिनिटाची.

आतां खरा कठीण प्रश्न येतो. शेवटची खूण रात्रीं ८ वाजून २४ मिनिटांची आणि पुनरारंभ सकाळीं ७ वाजून ५ मिनिटांचा. मधल्या काळाचें काय करावें? तीन मार्ग दिसतात. सगळा काळ कामांत धरावा, हा पहिला. तो किती खोटा आहे तें आपण पाहिलें. सगळें कामच रद्द करावें, हा दुसरा. तो क्रूर आहे. शेवटच्या खुणेशीं काम थांबलें असें धरावें, हा तिसरा. आणि पुष्कळ शहाणीं माणसें येथेंच समाधान मानतात. तिन्हींत तो बरा खरा. पण तोही पुरा नव्हे. ८ वाजून २४ मिनिटांनीं संगणक थांबला, कारागीर थांबला नव्हता. कानशीचें काम ९ वाजून ३५ मिनिटांपर्यंत, म्हणजे आणखी १ तास ११ मिनिटें चाललें होतें.

ता. ९ फेब्रुवारी २०२२ चा बुधवार पुष्कळांस आठवत असेल. त्या पहाटे धुकें व दंव यांमुळें लोणीकंद व चाकण येथील ४०० केव्हीच्या अतिउच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि पुणें, पिंपरी-चिंचवड व चाकण या भागांतील फार मोठ्या प्रदेशाची वीज गेली. वेळ रात्रपाळी संपत येण्याची. अशा प्रसंगीं कारखान्यांत काय होतें, हें जाणत्यास सांगावयास नको. कोणी अर्ध्यावर अडकलेला तुकडा सोडवितो, कोणी व्हर्नियर घेऊन झालेला माल मोजतो, कोणी पेट्या भरतो, कोणी खरोखरच हात बांधून बसतो. कचेरींतही तसेंच. संगणक मिटून माणूस फोनवर गिऱ्हाइकाशीं बोलतो, कागदावर आंकडेमोड करतो. आम्ही शिक्षक तर घरीं मेणबत्तीच्या उजेडांत वह्या तपासतों. यंत्राचें आयुष्य निराळें, कामाचें आयुष्य निराळें. एकाच्या मरणावरून दुसऱ्याचें मरण ठरवितां येत नाहीं.

मग यंत्रानें करावें काय ? जें पाहिलें तें लिहावें, जें पाहिलें नाहीं तें विचारावें. संगणक सुरू होतांच कोरा शेवट असलेली ओळ सांपडली, तर सॉफ्टवेअरनें स्पष्ट व सभ्य शब्दांत म्हणावें : 'आपलें अमुक काम ६–४० ला सुरू झालें. ८–२४ पर्यंतची नोंद माझ्याजवळ आहे. त्यानंतर मी बंद होतें. आपण काम केव्हां थांबविलें ?' आणि उत्तरें निवडावयास द्यावीं : तेव्हांच थांबविलें, अमुक वाजेपर्यंत केलें, काम अजून चालूच आहे, ही नोंदच चुकीची आहे. 'ऑर्ग-मोड' या नांवाची एक प्रणाली कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानें २००३ सालीं सुरू केली. तिच्यांत नोंद अशी लोंबकळत राहिलेली सांपडली कीं ती थांबून विचारते : यांतील किती मिनिटें ठेवूं, किती वजा करूं, कीं सगळेंच रद्द करूं ? जें एका माणसाच्या टेबलावर सोयीचें, तें कारखान्यांत न्यायाचें होतें.

मात्र कारखान्यासाठीं आणखी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, प्रश्न ज्याचें काम त्यासच विचारला जावा. आमच्या गोष्टींत काम बंद केलें तें पहिल्या पाळीच्या माणसानें. त्यास बिचाऱ्यास काय ठाऊक? सामायिक संगणकावर दुसऱ्याच्या कामाचा शेवट तिसऱ्यास लिहूं देऊं नये. मूळ माणूस येऊन आपलें नांव निवडील, तेव्हां त्यास विचारावें. तोंवर ८–२४ पर्यंतचे १ तास ४४ मिनिटें पक्कीं धरावीं आणि पुढील भागापुढें 'अनिर्णित' असें लिहावें. दुसरी गोष्ट, मूळ नोंद पुसूं नये. यंत्रानें पाहिलेली वेळ एका रकान्यांत, माणसानें सांगितलेली वेळ दुसऱ्या रकान्यांत, आणि ती कोणीं व केव्हां सांगितली हें तिसऱ्यांत असावें. त्या मुलाच्या गणिताच्या वहींतील एका रेघेची रीत ती हीच. तिसरी, यंत्राच्या घड्याळावर अंधळा विश्वास ठेवूं नये. बटणसेल संपला तर संगणक जागा होतांना एखादी जुनीच तारीख सांगतो. मग वजाबाकी उणे येते, अथवा भलतीच मोठी येते. जागें झाल्यावरची वेळ शेवटच्या खुणेच्याही मागची दिसली, तर हिशेब थांबवून घड्याळ दुरुस्त करून घ्यावें. इंटरनेटवरून अचूक वेळ मागून घेण्याची पद्धति डेव्हिड मिल्स यांनीं १९८५ सालीं घालून दिली, ती आज जवळ जवळ प्रत्येक संगणकांत आहे. तिचा उपयोग करावा.

यावर मालकांची एक शंका असते. माणसास विचारावयाचें म्हणजे खोटें बोलण्यास वाट करून देणें नव्हे काय ? शंका अगदींच निराधार नाहीं. पण १८८८ सालीं अमेरिकेंत विलार्ड बंडी या जवाहिऱ्यानें हजेरीचें घड्याळ काढलें, तेव्हांपासून जातांना कार्ड टोंचावयास विसरणारीं माणसें आहेतच. त्यांचें काय करीत ? टाइम ऑफिसचा कारकून त्यांस बोलावून विचारी, फोरमनची सही घेई, आणि हातानें वेळ लिही. हातानें लिहिलेली वेळ छापील वेळेहून निराळी दिसे, म्हणून ती तपासतांही येई. यंत्र जेव्हां विचारल्यावांचून आंकडा भरतें, तेव्हां तेंही अंदाजच करतें. फरक एवढाच कीं, त्या अंदाजावर ज्ञानाचा शिक्का बसतो. माणसाच्या अंदाजाची शहानिशा होऊं शकते. यंत्राचा अंदाज अंदाज आहे, हेंच कोणास दिसत नाहीं.

शिवाय चुकीची झळ मालकासही बसते. १९४८ च्या कारखाने कायद्यानें प्रौढ कामगारास दिवसाचे ९ व आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा घातली होती, आणि त्यापुढील कामास दुप्पट दरानें मजुरी ठरविली होती. दुप्पट दराचें तें तत्त्व त्यानंतरच्या कायद्यांतही राहिलें आहे. कागदावर १५ तास ३५ मिनिटें उभे राहिले, तर एक तर ते दुप्पट दरानें द्यावे लागतील, नाहीं तर निरपराध माणसास खोटा ठरवावें लागेल. खरा आंकडा ६ तास ५ मिनिटें होता. तो मिळण्यास एक प्रश्न पुरे होता.

हें सर्व आम्हीं त्या मुलास एका कागदावर मुद्देवार लिहून दिलें. त्यानें तो थेट मालकांस नेऊन दाखविला. मालक समंजस निघाले. सॉफ्टवेअर बदलण्यास दोन महिने लागले. तोंवर संगणकाशेजारीं दोरीनें बांधलेली एक वही ठेवण्यांत आली, आणि वीज गेली कीं प्रत्येकानें तींत आपली वेळ व सही लिहावी असें ठरलें. बुडालेले तीन तास पांच मिनिटें त्यास परत मिळालीं. त्या १५ तासांविषयीं मात्र कोणीं कांहीं बोललें नाहीं. तास परत देतां येतात, आळ परत घेण्यास माणसाला तोंड उघडावें लागतें, आणि तें सर्वांस साधत नाहीं.

परवां त्याचा फोन आला. पुन्हां वीज गेली होती. दुसऱ्या दिवशीं पडद्यावर प्रश्न उमटला, "आपण काम केव्हां थांबविलें ?" त्या रात्रीं त्याच्यापाशीं हातानें करण्याजोगें कांहींच नव्हतें. त्यानें उत्तर दिलें, "तेव्हांच." त्यास दुसरें उत्तर देतां आलें असतें आणि तें खपलेंही असतें, पण विचारल्यावर खरें सांगणें फार सोपें वाटलें, असें तो म्हणाला.

आज वर्गांत बसलेल्या मुलामुलींपैकीं पुष्कळजण पुढें असेंच सॉफ्टवेअर लिहिण्याच्या उद्योगांत शिरतील. त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, तुमच्या यंत्राच्या वहींत एखादा रकाना कोरा सांपडला, तर तो भरण्याची घाई करूं नका. तो कोणाच्या तरी श्रमाचा रकाना आहे. आधीं त्यास विचारा.